चंपतरावांची सायकल गप्प झाली

चंपतराव भोयर महालातल्या आमच्या गल्लीत पोहोचायच्या आधी त्यांच्या सायकलचा आवाज पोहोचत असे. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला ‘खट्क’, आणि मागोमाग ‘कर्रर्र’. तो कोपऱ्यावर आला की ओट्यावरचे पत्ते उचलले जात आणि बायका बोलणं आवरतं घेत. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. मी समोरच राहत होतो आणि मला दुसरं काम नव्हतं, म्हणून पुढचं सगळं माझ्या पाहण्यात आलं.

चंपतराव सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून होते. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा वाजला की तिकडे ते खुर्चीवरून उठत आणि इकडे त्यांच्या पत्नी सुभद्राबाई शेगडीवर भाताचं पातेलं चढवीत. चंपतरावांना घरात पाऊल टाकताच वरण-भात लागे. नुसता चहा म्हणजे भुकेल्या माणसाची थट्टा, असं त्यांचं मत होतं. भात उतरायला आणि सायकल दारात कर्रर्र करायला एकच गाठ पडे. त्या घरात घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं.

पुढे चंपतरावांचे गुडघे दुखू लागले. पायडल मारणं म्हणजे जातं ओढणं झालं. एका रविवारी ते सायकल घेऊन शालिकरामच्या दुकानात गेले. शालिकरामनं हातोडीनं ठोकून पिना काढल्या, पायडलचे दांडे उतरवले, बेअरिंगचा कप उघडला. आतून काळा चिखल आणि थोडी भुकटी गळली.

“बाबूजी, हे छर्रे होत का साबुदाना? एक्सललेही खड्डे पडून राहिले. अशी काहून चालवत होते गा?”

“चालत होती म्हणून.”

शालिकरामनं एक्सल बदलला, कप बदलले, ग्रीसमध्ये नवे छर्रे एकेक करून बसवले. चंपतराव म्हणाले, “आवाज नाही आला पाहिजे. बिलकुल नाही.”

सोमवारी सायकल मांजरीसारखी गल्लीत शिरली. सुभद्राबाई आणि शेजारच्या प्रयागबाई ओट्यावर बसल्या होत्या. चंपतराव थेट समोर उभे राहिले तेव्हा प्रयागबाई दचकल्या.

“अवं माय! भाऊजी, तुम्ही केव्हा आले?”

“आत्ताच. सायकल दुरुस्त केली.”

“काहून?”

प्रश्न साधा होता, पण चंपतराव घोटाळले. “आवाज करत होती.”

“ते तं माह्या लग्नापासून करून राहिली होती,” सुभद्राबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. शेगडीवर भात अजून रटरटत होता. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“भोंगा तोच?”

“तोच.”

“रस्ता तोच?”

“तोच वं.”

“मंग भात काहून कच्चा?”

“सायकल हलकी झाली. लवकर आलो.”

“म्हणजे आता थेट घरी येता.”

“मी थेटच येतो!”

“आता,” सुभद्राबाई म्हणाल्या.

हिशेब सरळ होता. इतकी वर्षं भात शिजेपर्यंतचा जो वेळ रस्त्यात जात होता, तो कुठे जात होता? प्रयागबाईंनी ओट्यावरून भर घातली, “पुरुष माणूस एकाएकी सायकलीले ग्रीस लावते, तं इचार करा लागते बाई.”

आठवडा संपायच्या आत खाटेखालची ट्रंक बाहेर आली. भिवापूरला भावाकडे जायचं, आणि बोलावल्याशिवाय परतायचं नाही. सुभद्राबाई घरात नसल्या की चंपतरावांना घरात बसवत नसे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. फक्त सुभद्राबाईंना कोणी सांगितलेलं नव्हतं.

चंपतरावांनी साक्षीला शालिकरामला आणलं. तो कळवळून म्हणाला, “वैनी, देवाशपथ सांगतो, बाबूजी मले येवढंच म्हणाले का आवाज बिलकुल नाही आला पाहिजे.”

सुभद्राबाईंनी ट्रंकेत आणखी दोन लुगडी घातली.

“असं कर,” चंपतराव शेवटी म्हणाले, “तू सोता ये कचेरीत. मागं कॅरिअरवर बस. रस्त्यात कुठं थांबलो, कोनाशी बोललो, तं खुशाल जाय भिवापूरले.”

शनिवारी सुभद्राबाई ठेवणीतलं लुगडं नेसून रिक्षानं कचेरीवर गेल्या. भोंगा वाजला तसा घरी प्रयागबाईंनी भात चढवला. शेगडीत कोणी चोरून कोळसे घालू नयेत म्हणून मला पंच नेमलं होतं. प्रयागबाईंवर माझी नजर होती आणि माझ्यावर प्रयागबाईंची.

सुभद्राबाई अंगानं भरलेल्या होत्या, एवढंच लिहितो. सायकल आली तेव्हा तिचा आवाज नव्हता. चंपतरावांची धाप मात्र कोपऱ्यापासून ऐकू आली. प्रयागबाईंनी झाकण काढलं. भात मऊ, मोकळा, नेमका उतरायला झालेला. अगदी जुन्या दिवसांसारखा.

“थांबलो कुठं?” चंपतरावांनी घाम पुसत विचारलं.

“नाही.”

“कोनाशी बोललो?”

“नाही.”

“मंग? झालं समाधान?”

सुभद्राबाईंनी एक शीत बोटांत चिरडून पाहिलं. मग भाताकडे पाहिलं, मग दारातल्या सायकलीच्या कॅरिअरकडे.

“म्हणजे पयले मागं कोनीतरी बसत होतं,” त्या म्हणाल्या. “आन् माह्यायेवढीच जड.”

प्रयागबाईंनी झाकण खाली ठेवलं.

ट्रंक त्याच संध्याकाळी खाटेखाली परत गेली. कॅरिअरवरची ती जागा मोकळी सोडून माहेरी जाण्याइतक्या सुभद्राबाई भोळ्या नव्हत्या. सोमवारी भोंग्याच्या आधीच त्या कचेरीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, मंगळवारीही. भाताचं काम प्रयागबाईंकडे आलं.

मी रोज संध्याकाळी दारात उभा राहून पाहत असे. गुडघे दुखणारा माणूस एवढं ओझं ओढत गल्लीत शिरे, घामानं निथळत असे, आणि तरी त्याच्या तोंडावर तक्रारीची एक रेघ नसे. उलट मागं बायको बसलेली म्हणून खुशच दिसे.

मला तेव्हापासून चंपतरावांचाच संशय येऊ लागला.