राखमामांचं नाक

"घ्या मामा. तुमचं नाक म्हणजे शिक्का, असं ऐकलंय," तपासणीला आलेले साहेब म्हणाले आणि त्यांनी खताचं फावडं पुढे केलं. स्वतःच्या नाकाला त्यांनी रुमाल बांधला होता.

वसतिशाळेचे कोरडे संडास राखमामा बावीस वर्षं सांभाळत होते. दर वापरानंतर राख आणि भुसा टाकायचा. प्रत्येक संडासाला दोन खण, एक भरला की वर्षभर बंद, दुसरा चालू. वर्षानं बंद खण उघडला की मामांनी हुंगायचं. मातीचा वास आला तर खत बागेत, नाहीतर पुन्हा कुलूप. मुलं त्यांच्या हुंगण्याला हसायची आणि बागेतली वांगी मात्र मिटक्या मारत खायची.

दोन महिन्यांपूर्वीच्या तापात ते नाक गेलं. ठाऊक होतं फक्त मामीला. ती शाळेची स्वयंपाकीण. तेव्हापासून हुंगायची ती आणि सांगायचे मामा. मग ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि साहेबांपुढचा हा खण मामांनी एकट्यानंच उघडला. मधे त्यात नळाचं पाणी झिरपलं होतं, नुसत्या तारखेवर विसंबणं बरं नव्हतं. पण नाक गेल्याचं सांगायचं कुठल्या तोंडानं? वर्ष झालंय की, असं स्वतःलाच बजावत त्यांनी चार पाट्या खत पालेभाजीच्या वाफ्यात पसरलं.

"बोला. तुम्ही हो म्हणालात की मी सही करतो."

शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, घड्याळ पाहत होत्या. मामांनी वाकून श्वास ओढला. काहीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती, सकाळीच परतलेली, हातात त्याच वाफ्यातल्या भाजीची पाटी. तिनं मान डोलावली. हो म्हणा.

वीस पावलांवरून तिला कसला वास येणार? ती नवऱ्याची नोकरी वाचवत होती. चाळीस वर्षांत तिनं त्यांचं पुष्कळ झाकलं होतं. मामांना तिची माया कळली, आणि भीतीही वाटली. आत ऐंशी ताटं मांडली होती.

"साहेब, माझं नाक गेलंय," मामा म्हणाले. "हिला विचारा. अगं, इकडे ये. आणि ती भाजी चुलीवर चढवू नकोस."

मामी आली. फावड्यावर वाकली ती बराच वेळ वाकूनच राहिली.

"कच्चंय अजून," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. पाटीतली भाजी खणात गेली, वाफ्याला दोरी लागली.

"मामा, आता दुसरं माणूस बघावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बघा. नाक तपासून घ्या मात्र."

कुलूप लावून मामांनी दारावर खडूनं नवी तारीख घातली. मग नळावर तीनदा साबण लावून हात धुतले आणि सवयीनं नाकाशी नेले. तसेच ते मामीपुढे धरले.

"गेला का गं वास?"

तिनं दोन्ही हात आपल्या नाकाशी घट्ट धरले आणि लवकर सोडलेच नाहीत.

"गेला," ती म्हणाली.