एकतिसावी ओळ

अश्लेषा गुर्जरची पंचाईत अशी झाली, की तिचा प्रयोग जमला.

फसला असता तर सुटली असती. फसण्याची तिला सवय होती. पाच वर्षं परदेशात, क्लेमेंटीत दुसऱ्याच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्यानं घेऊन राहत होती. त्या घरात फोडणी घालायला बंदी. सकाळी बस, दिवसभर विद्यापीठातली प्रयोगशाळा, संध्याकाळी बस. आठवडाभरात मराठीचं एक वाक्य तोंडून निघायचं नाही. काम काय, तर पॅलेडियम नावाचा महागडा धातू चिमूटभर टाकायचा आणि एरवी एकमेकांकडे ढुंकूनही न बघणारे दोन रेणू जोडून द्यायचे. धातू मध्यस्थासारखा. सोयरीक जमवतो आणि आपण कोरडा तो कोरडाच.

औषधं बनवायला ही पद्धत फार सोयीची होती. तीस निरनिराळ्या रेणूंवर ती चालली, तीस ओळींचा तक्ता झाला, पेपर नियतकालिकाकडे गेला. छापून आला तर करार वाढणार. नाही आला तर डिसेंबरात करार संपला, तिथं राहायचा पास रद्द, आणि तीस दिवसांत गाशा गुंडाळून बार्शी.

मग पेपर तपासणाऱ्या एका परीक्षकानं विचारलं, फॉस्फरसवाल्या अमुक रेणूवर करून पाहिलंत का?

तिनं पाहिलं. एक्याण्णव टक्के माल हाती आला. क्षणभर ती हरखली. मग कागदावर काढलेली आकृती नीट बघितली आणि पेन खाली ठेवलं. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याच्या यादीतला एक पदार्थ इथून फक्त एक पायरी लांब होता. आणि ती पायरी चढायला पीएचडी लागत नव्हती.

तिच्या प्रयोगशाळेचे प्रमुख प्रोफेसर क्वेक यांनी आकृती पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसंच असले सल्ले देतात.

"एकतिसाव्या ओळीत शून्य लिही," ते म्हणाले. "प्रयोग होत नाही, इतकंच. परीक्षक खूश, तू खूश. कॅन, लाह!" म्हणजे तिथल्या बोलीत, चालतंय की.

"पण सर, झालाय."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. तिसऱ्याला कशाला?"

तिसरा माणूस अश्लेषानं स्वतःच शोधला. प्रबोध चांदोरकर, सुरक्षा धोरणाच्या एका संस्थेत मोठ्या हुद्द्यावर, रॅफल्स प्लेसला ऑफिस. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. गेल्याच महिन्यात त्यांनी "शास्त्रज्ञ वेळेवर तोंड उघडत नाहीत" असं व्याख्यानात ठणकावून सांगितलं होतं आणि अश्लेषानं टाळ्या वाजवल्या होत्या. ते जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्वस्त गाळ्यांच्या मंडईत, भेटले. टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून त्यांनी दोन जागा धरून ठेवल्या होत्या. तिनं सगळं सांगितलं. हा माणूस हादरेल, फोन लावेल, असं तिला वाटलं होतं.

"तुझे सर बरोबर सांगतायत गं," प्रबोधदादा नूडल्स गुंडाळत म्हणाले. "शून्य टाक आणि मोकळी हो."

"आणि विद्यापीठाची सुरक्षा समिती?"

"कळव की! आठ महिने बैठका घेतील. त्यांची इतिवृत्तं होईपर्यंत तू बार्शीत ट्यूशन घेत असशील. उगाच हुतात्मा होऊ नकोस."

"व्याख्यानात तर तुम्ही—"

"अगं बाई, ते व्याख्यान होतं."

अश्लेषाच्या पुढ्यातला भात तसाच होता. तिनं विचारलं, "दादा, कुठल्या रसायनांवर नजर ठेवायची, हे तुम्ही लोक कशावरून ठरवता?"

"छापून आलेल्या पेपरांवरून. तुमचे तक्ते वाचून वाचून डोळे गेले माझे."

"माझ्या तक्त्यात शून्य दिसलं तर काय कराल?"

"काय करणार? पान उलटणार."

"आणि ज्याला ते बनवायचंच आहे, तो?"

प्रबोधदादांचा घास हातातच राहिला. रसायनशास्त्र ते शिकले नव्हते, पण माणसं ओळखत होते.

"तो करून बघेल," ते हळू म्हणाले.

"म्हणजे शून्य लिहून मी फक्त तुम्हाला फसवणार."

त्यांनी तोंड पुसलं, घड्याळ पाहिलं. "तू मला हे विचारलं नाहीस, असं समजू या. मला मीटिंग आहे." आणि गेले. ती तिथंच बसून राहिली. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून एका मुलीनं खुणेनं विचारलं, घेऊ का? हिनं मान डोलावली. खुर्ची गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं समितीला पत्र लिहिलं. चार वाक्यं. पाठवायचं बटण दाबताना तिला धीट बिट काही वाटलं नाही.

त्यानंतर कुणी तिला शिवी दिली नाही. दिली असती तर भांडता तरी आलं असतं. सर नको इतके अदबीनं वागू लागले. प्रयोगशाळेतला जेवणाचा घोळका तिच्या आधी दहा मिनिटं निघू लागला. समितीची बैठक भरली तेव्हा पेपरची लेखिका म्हणून तिला बाहेर बसवलं आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आत बोलावले ते प्रबोध चांदोरकर! बाहेर आल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहून ओझरती मान लववली. तिची ओळख आहे हे कुणाला कळू नये, एवढ्या बेतानं.

निर्णय आला. एकतिसावी ओळ मोहोरबंद. पेपर फेब्रुवारीतल्या बैठकीपर्यंत थांबवलेला. केलेला माल देखरेखीखाली नष्ट करावा. करार वाढवण्याचा उल्लेख त्यात नव्हता, आणि सरांनीही काढला नाही.

देखरेखीला सुरक्षा विभागाच्या एक बाई आल्या, लांबच्या यिशुनहून दोन गाड्या बदलून. पन्नाशीच्या, हातात फॉर्म. अश्लेषानं काचेच्या खिडकीमागे हात घालून बाटली उघडली, निष्प्रभ करणारं द्रावण थेंबाथेंबानं सोडलं. पांढरी पूड विरघळली, बुडबुडे आले, थांबले. तीन आठवड्यांचं काम वीस मिनिटांत संपलं.

"किती टक्के मिळालं होतं?" बाईंनी फॉर्मवरून नजर न काढता विचारलं. तसा रकाना होता.

"एक्याण्णव."

बाईंनी आकडा लिहिला. मग मान वर केली. "वा! एकदम भरपूर, लाह. हुशार आहेस तू."

अश्लेषानं हातमोजे काढले, फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. सहीखाली हुद्दा लिहायचा होता. करार संपेपर्यंत अजून नऊ दिवस तो तिचा होता, तो तिनं पूर्ण लिहिला.