बापाकांच्या पडद्यावरची ओळ

जोग्याकार्तातल्या विद्यापीठाचा संगणक विभाग सुवोंडोंनी उभा केला होता. निवृत्तीनंतर त्यांची स्मरणशक्ती विरत गेली, पण रोज सकाळी घरातल्या जुन्या युनिक्स मशीनवर लॉगिन करणं काही सुटलं नाही. पासवर्ड बोटांनाच पाठ होता. काळ्या पडद्यावर स्वागताचा मजकूर उमटला की तो ते मोठ्याने वाचायचे.

घरात सगळे जिला इबू, म्हणजे आई, म्हणायचे ती बायको वारसिनी वारली आणि ते रोज विचारू लागले, इबू कुठे गेली? मुलगी निंग्रुम रोज सांगायची, आणि ते रोज नव्याने कोसळायचे. तिचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी तिने स्वागताच्या मजकुराची फाइल उघडली. हे बापाकांनीच, म्हणजे वडिलांनीच, तिला शिकवलं होतं. खाली तिने एक ओळ घातली : 'इबू सोलोला बहिणीकडे गेली आहे.'

त्या दिवशी ते रडले नाहीत. पण दुपारी ठेवणीतला बाटिक सदरा घालून फाटकाशी खुर्ची टाकून बसले. अंधार पडला तरी आत येईनात. इबू आली आणि दार बंद दिसलं तर काय, म्हणाले. पुढे रोज तेच. आपण हे काय करून बसलो, असं निंग्रुमला झालं, पण खरं लिहायला हात धजेना.

एकदा ती बाजारातून आली, तर बापाक मशीनपुढे डोळे पुसत बसले होते. त्या दिवशी त्यांना सगळं लख्ख आठवत होतं.

"सोलोचं तू लिहिलंस?"

"हो, बापाक. चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं, पोरी? पण ती सोलोला नाही. तिच्या कबरीत मीच उतरलो होतो."

मग ते पडद्याकडे वळले आणि बराच वेळ टाइप करत राहिले. ती जवळ गेली, तर हातानेच लांब केलं.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या मनातून पुन्हा सगळं पुसलं गेलं होतं. त्यांनी लॉगिन केलं आणि वाचू लागले : 'सुवोंडो, वारसिनी आता नाही. तू स्वतः तिला माती दिलीस. निंग्रुमला विचारू नकोस, तिला फार त्रास होतो.'

शेवटचे शब्द त्यांनी मनातच वाचले. निंग्रुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही.

त्यानंतर कधीच विचारलं नाही. रोज वाचायचे, रोज एकटेच सोसायचे. निंग्रुमला मात्र वाटत राहायचं, एकदा तरी विचारावं त्यांनी.