दुसऱ्या कडव्यातली घाई

"एका गाण्यावर माणसानं किती वर्षं मिरवायचं, म्हणतो मी," सासरे माझ्या कानाशी पुटपुटले. मी ट्रेमध्ये कप मांडत होते आणि ते साखरेचा डबा शोधायचं निमित्त काढून आत आले होते. बाहेर रेडिओवाल्या बाई सासूबाईंच्या पदराला माइक लावत होत्या.

"मिरवतंय कोण, बाबा? आई तर नकोच म्हणत होत्या."

"हं," म्हणून ते बाहेर गेले. साखर न घेता.

सासूबाईंनी तेविसाव्या वर्षी एक गाणं गायलं. ते गाजलं. मग त्यांनी तेहेतीस वर्षं शाळेच्या कचेरीत टायपिंग केलं. दुसरं गाणं का नाही, याचं घरातलं उत्तर ठरलेलं होतं: घसा बसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेच, पाहुण्यांना तेच, आणि लग्न होऊन आले तेव्हा मलाही तेच. भांडी लावताना त्या गुणगुणायच्या तेव्हा मी कान देऊन ऐकलंय. बसलेला घसा काही मला सापडला नाही. पण सुनेनं काय काय शोधायचं, यालाही मर्यादा असतात.

रेडिओवाल्या बाई जुन्या गाण्यांचे अर्थ उलगडणारा कार्यक्रम करायच्या. "मावशी, ही मुलाखत आमच्या संग्रहात कायमची राहणार हं. पन्नास वर्षांनी कुणी तुमची माहिती शोधली, तर त्याला हेच मिळेल."

सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे पेपरामागे होते.

बाईंनी गाणं लावलं. वाट पाहणारीचं गाणं. दुसऱ्या कडव्यात आवाज तबल्याच्या किंचित पुढे धावतो.

"हीच ती जागा!" बाई खुर्चीच्या कडेवर आल्या. "विरहातली अधीरता इतकी कुणाच्याच गळ्यातून आली नाही म्हणतात. एका प्राध्यापकांनी तर यावर अख्खा लेख लिहिलाय. काय होतं हो तेव्हा तुमच्या मनात?"

"घड्याळ," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे काळाचं प्रतीक?"

"नाही हो, भिंतीवरचं. साडेपाच होत आले होते. सहाच्या आत मला घर गाठायचं होतं."

मला हसू फुटलं. बाईही हसल्या. "सहाला काय होतं एवढं?"

पेपराचं पान अर्धवट उलटून थांबलं.

"दूध तापवायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. उत्तर इतकं चटकन आलं, की ते नक्कीच पूर्वी वापरून झालेलं होतं.

"बरं, आणि दुसरं गाणं? आमच्या वहीत तालमीची नोंद आहे. पुढे लिहिलंय, रेकॉर्डिंगला गायिका आल्या नाहीत."

"त्याचं असं झालं, माझा घसा..."

"थांब गं," सासरे म्हणाले. त्यांनी पेपराची घडी घातली, ती चुकली, पुन्हा घातली. मग बाईंना विचारलं, "हे यंत्र चालू आहे ना?"

"हो काका. बंद करू का?"

"नको, राहू दे." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं नाही, माइककडे पाहिलं. "हिचा घसा बसला नव्हता. त्या दिवशी ही पर्स घेऊन, चपला घालून तयार होती. मी जाऊ दिलं नाही."