मागची कड

काम करताना शीळ घालू नये, हे मी आमच्या जावईबापूंना किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. तोंडात शीळ आली की डोकं सुट्टीवर जातं. पण ऐकतील ते जावईबापू कसले! गाड्या रंगवणाऱ्या घरातून आले, आमच्या बोटींच्या शेडमध्ये उभे राहिले आणि पहिल्या दिवसापासून असे वावरले, जणू मीच त्यांच्याकडे कामाला आहे. दिसेल ते घासायचं, गुळगुळीत करायचं, चमकवायचं. माझी चहाची किटली चांगली ओतत होती. "बोटाला लागते हो, आई," म्हणत यांनी एका रिकाम्या दुपारी तिच्या तोंडाची कड घासून गोल केली. तेव्हापासून निम्मा चहा कपात आणि निम्मा किटलीच्या पोटावरून माझ्या ओट्यावर.

माझी लेक शर्यतीची मोटरबोट चालवते. तिचा बाप गेला, पण वेगाचं वेड तिच्या पदरात टाकून गेला. मागच्या शर्यतीत पाण्याखालचा ओंडका लागला आणि बोटीच्या तळाला, अगदी मागे, हातभर चीर गेली. चेनपुलीने बोट पालथी करून आम्ही लाकडी घोड्यांवर ठेवली. भिजलेला भाग कापून काढला, उरलेला तळ दिवे लावून सुकवला, फायबरच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवले. मग लांब फळीला पॉलिशपेपर लावून घासत बसलो. लहान ठोकळ्याने घासलं तर खळगे पडतात, आणि खळगा राहिला की वेगात बोट बेडकासारख्या उड्या मारते. खोटं कशाला बोलू, जावईबापूंचा हात चांगला आहे. मी पट्टी आडवी लावली, उभी लावली, पलीकडून बॅटरी धरली. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा आली नाही.

"आता ही तळाची मागची कड," मी बजावलं. "सुरीसारखी हवी. पाणी इथून तुटून सुटलं पाहिजे. गोल झाली तर पाणी कडेला चिकटून वर चढतं, बूड खाली ओढतं, नाक आभाळाकडे जातं. त्यात वारा भरला की बोट पालथी. आत कोण बसणार आहे, ठाऊक आहे ना?"

"माझी बायको, आई."

"आधी माझी मुलगी."

"सुरीसारखी ठेवतो," म्हणाले, आणि शीळ सुरू.

रंग झाला, वाळला. चाचणीच्या दिवशी लेक हेल्मेट काखेत मारून तयार, बोट सुलटी करायला शेजारच्या शेडमधली माणसं हजर. जावईबापूंना मात्र धूळ दिसली. "एकदा धुतो," म्हणाले आणि पाइप घेऊन पालथ्या तळावर पाणी मारू लागले. मी घाई करा म्हणून ओरडणार, तेवढ्यात शीळ थांबली.

"आई, जरा इकडे या."

"आता काय ओवाळू का तुम्हाला?"

"पाणी बघा."

तळावरून वाहत आलेलं पाणी कडेवरून उडी मारून बाहेर पडायला हवं होतं. ते कडेला वळसा घालून बोटीच्या पाठीवरून, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीवरून, निथळत होतं. हुबेहूब माझी किटली.

"शेवटच्या रंगाआधी मी कडेवर हाताने कागद फिरवला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "धारेवर रंग टिकत नाही म्हणून गाडीची कड मारून गोल करतात, त्या सवयीने. तुमची पट्टी लावून झाल्यावर. माझ्या लक्षातच आलं नाही."

लेक म्हणाली, "अहो, दिसतसुद्धा नाही. मी हळू चालवते."

"तुला हळू चालवता येतं का कधी? बोट हलणार नाही," ते म्हणाले आणि आडवे उभे राहिले.

नळ बंद करून गप्प बसले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. पाणी वाळून गेलं असतं. मी बोलायला तोंड उघडलं, शब्द तर भरपूर होते. पण लेकीच्या काखेतलं हेल्मेट दिसलं आणि तशीच उपड्या बादलीवर बसले. शेजारच्यांना म्हटलं, "जा बाबांनो, आज बोट सुलटत नाही."

कडेवरचा रंग खरवडला. पाठीला सरळ फळी घट्ट आवळली, रेझिन तिला धरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि फळी नि तळाच्या कोपऱ्यात घट्ट कालवलेलं रेझिन भरलं. कडक झाल्यावर फळी काढली आणि तळाकडून कडेपर्यंत घासलं, कडेवरून नाही. सगळं जावईबापूंनीच केलं, शीळ न घालता. शेड इतकी गप्प, की मलाच करमेना.

शेवटी बोट पाण्यात उतरली. मी काठावर खुर्ची टाकून बसले, हातात कप. इंजिन गरजलं, नाक वर उठलं. मी खुर्चीतून उठले. मग नाक अलगद खाली आलं आणि बोट पाण्यावर अशी सपाट पळाली, जशी कपड्यावर इस्त्री फिरावी. दोन फेऱ्या मारून लेक काठाला आली, हेल्मेट काढलं आणि ओरडली, "आई, वेग गाठला तरी हूं की चूं नाही!"

माझा जीव भांड्यात पडला. जावईबापू बाजूला उकिडवे बसले होते, डोकं दोन्ही हातांत. मी त्याच किटलीतून त्यांना चहा ओतला, निम्मा वाळूत सांडला, आणि चार माणसांत ऐकू जाईल असं म्हटलं:

"जावईबापू, चूक केलीत ती गाडीवाल्यासारखी, पण सांगितलीत ती आमच्या घरच्यासारखी. यापुढे मागची कड तुम्हीच करायची. आणि शीळ घाला खुशाल. ती थांबली की मला कळतं, काहीतरी बिघडलंय."