डावीकडे बोटभर

"पुन्हा एकदा दारापर्यंत जा आणि परत ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाई नाही. आणि माझ्याकडे नाही बघायचं, दाराकडे बघ."

चिमी पुन्हा निघाली. तपासणीच्या खोलीत जमिनीवर पिवळी पट्टी रंगवलेली होती, तिच्यावरून चालायचं होतं. सात वर्षांच्या पोरीला हा खेळच वाटत होता. दोन्ही हात पसरून ती ऐटीत चालली. बाकावर बसलेली तिची आई बोटांत बोटं अडकवून खाली बघत होती. शेजारी आजी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या खोलीत शोभू नये इतकं कौतुक होतं.

आजीला सगळी गल्ली टाचणीमावशी म्हणायची. बायकामुलांचे कपडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला होता. माप घेताना, दुमड घालताना ओठांत टाचण्या धरायची त्यांची सवय. तेवढा वेळ कुणी काही विचारलं तरी नुसतं 'हं' किंवा 'उंहूं'. घरातले थट्टेनं म्हणायचे, आईला एखादी गोष्ट कबूल करायची नसली की तिच्या तोंडात टाचण्या येतात. यात थट्टा किती आणि खरं किती, हे त्या माउलीलाच ठाऊक.

आज मात्र तोंडात टाचण्या नव्हत्या. आजचं येणंही त्यांना पसंत नव्हतं. चिमीचा गुडघा दुखत होता, तर तेल लावून शेकला असता. पण सुनेनं या वेळी कुणाला न विचारता परस्पर नंबर लावला होता. मावशी आल्या त्या रुसून, आणि आपल्यावाचून पोरीकडे कोण बघेल म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी चिमीला एका पायावर उभं केलं. उजव्या पायावर ती बगळ्यासारखी राहिली. डाव्यावर उभी राहिली तशी तिची कंबर उजवीकडे खचली आणि तोल सावरायला सगळं अंग डावीकडे झुकलं. मग तिला टेबलावर निजवून दोन्ही गुडघे उभे करायला सांगितले. डावा गुडघा उजव्याहून खाली राहिला. दुखणं गुडघ्यात जाणवतं, पण त्याचं मूळ खुब्यात आहे, असं त्या चिमीच्या आईला समजावत होत्या. बोलता बोलता खुर्चीवर काढून ठेवलेला शाळेचा निळा स्कर्ट त्यांनी चिमीला द्यायला उचलला आणि पट्ट्याला धरून तशाच थांबल्या.

"हा असा वाकडा का?"

मावशींना ते लागलं. आयुष्यात त्यांच्या शिवणाला कुणी वाकडं म्हटलं नव्हतं.

"वाकडा नाही तो, बाई. हातात धरला म्हणून तसा दिसतोय. अंगावर घातला की बघा, कसा सरळ पडतो. डावीकडून बोटभर आत घेते मी."

"कधीपासून?"

"ती पाय टाकायला लागली तेव्हापासून. पहिल्या झबल्यालाही घेतलंय."

चिमीच्या आईनं पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आजी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"माहीत व्हायचंय काय त्यात? आत्याची चाल आहे ती. आमची थोरली अशीच चालायची."

डॉक्टरीणबाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी चिमीचा आधीच काढलेला एक्स-रे दिव्याच्या काचेवर लावला. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीत नीट बसला होता. डावीकडे वाटी उथळ होती आणि रिकामी होती, गोळा तिच्या वर भलतीकडेच टेकला होता. जन्मापासूनचंच असणार, त्या म्हणाल्या. अगदी तान्हेपणी कळलं असतं तर पायांना नुसत्या पट्ट्या बांधून भागलं असतं. चालायला लागल्यावर आणली असती तरी बरंच सोपं होतं. आता हाड कापून आखूड करावं लागेल, वाटीला छत करावं लागेल, आणि तरीही पाय पूर्ण सरळ येईल अशी खात्री देता येणार नाही. पण तसंच ठेवलं तर ऐन तारुण्यात तिला जिना चढणं नकोसं होईल.

"आणि तुमच्या थोरलीलाही हेच असणार," त्या म्हणाल्या. "हे घराण्यात येतं कधीकधी. ती कुठं असते? तिलाही बघू एकदा."

"नाही आता ती," मावशी म्हणाल्या.

निघताना डॉक्टरीणबाईंनी स्कर्टची घडी घालून स्वतः मावशींच्या हातात दिला. "हात फार चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "बाजारातला तयार कपडा घातला असता ना, तर एका बाजूला लोंबतोय म्हणून कुणीतरी कधीच विचारलं असतं."

*

थोरली एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. त्या तापाचा आणि चालीचा काही संबंध नव्हता. ती असेपर्यंत तिच्या चालीला घरात कुणी लंगडणं म्हटलं नाही. मावशींनी म्हणूच दिलं नाही. 'झोकात चालते' म्हणायचं. पोर शाळेत जायला लागली तेव्हा एका शेजारणीनं 'घागरा एकीकडे लोंबतोय हो' म्हटलं होतं. त्या रात्री मावशींनी सगळे घागरे उसवून डावीकडून बोटभर आत घेतले, आणि शेजारणीला पुन्हा कधी काही दिसलं नाही. पुढे थोरली दिवसभर मशीनवर बसली की उठताना कमरेला हात लावायची. मावशी गरम फडक्यानं शेकायच्या आणि म्हणायच्या, वाढतं अंग आहे, दुखायचंच.

ती गेल्यावर घर मुकं झालं. जिन्यावर एक पाऊल जड आणि एक हलकं वाजायचं, ते थांबलं. मावशींचा धाकटा मोठा झाला, ट्रक चालवायला लागला, त्याचं लग्न झालं, चिमी झाली. आणि एक दिवस मावशी पाठमोऱ्या बसून काज करत असताना मागून तेच आलं. एक जड, एक हलकं. त्यांनी वळून पाहिलं तर चिमी भिंतीला न धरता येत होती.

मावशी त्या दिवशी ढसाढसा रडल्या, आनंदानं. थोरली परत आली, असं त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. सून तेव्हा नवखी होती. आपण हिला डॉक्टरकडे दाखवू या का, असं ती एकदा म्हणाली. मावशींनी मापाची टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटली. "माझ्या लेकीची चाल आहे ती. त्याला औषध द्यायचंय तुला?" सून गप्प बसली. पुढे दोनदा तिनं विषय काढला, तेव्हा मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या.

हे सगळं सुनेनं त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर बोलून दाखवलं नाही. तिनं चिमीला जेवायला वाढलं, भांडी घासली, ओटा पुसला. मग मशीनजवळ येऊन उभी राहिली.

"मी वेडी नव्हते, आई," ती म्हणाली. "मला दिसायचं ती झुकतेय ते. मग मी स्कर्टकडे बघायचे. स्कर्ट सरळ असायचा. मला वाटायचं, माझेच डोळे तिरळे."

सवयीनं मावशींचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून मागे आला. दोन लेकींचं आपण वाटोळं केलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि ते कळून आता काही उपयोग नव्हता.

*

शस्त्रक्रिया झाली. चिमीला छातीपासून डाव्या पायाच्या बोटांपर्यंत आणि उजव्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, दोन पायांमध्ये आडवी काठी बसवली. ऐटीत चालणारी पोर पलंगावर लाकडाच्या खेळण्यासारखी पडून राहिली. सुरुवातीला ती रडायची. मग रडणं थांबलं आणि ती नुसती छताकडे बघायला लागली, ते जास्त वाईट होतं. प्लास्टरच्या आत खाज सुटली की दात खायची. तिचा बाप फेरीवरून आला की दारातच चपला हातात घेऊन उभा राहायचा. त्याला आत यायचं धैर्य व्हायचं नाही.

मावशींनी तिच्यासाठी दोन्ही कडांना बांधायच्या नाड्या असलेले सैल झगे बेतले. हा कपडा प्लास्टरवरून चढवता येईल, कूस बदलताना काचणार नाही, असा विचार करून करून कापले. शिवून, इस्त्री करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवले. संध्याकाळी सुनेनं बाजारातून दोन तयार झगे आणले. ते प्लास्टरवरून जाईनात, तेव्हा तिनं कात्री घेतली आणि ते पाठीतून सरळ उभे फाडले. शिवलेले झगे तिनं कपाटात ठेवून दिले. नीट ठेवले, फेकले नाहीत. मावशींना बोलायला तोंडच नव्हतं.

पण रोज संध्याकाळी सून स्वयंपाकाला लागली की चिमीजवळ त्याच बसायच्या. एकदा चिमीनं विचारलं, "आजी, बरी झाल्यावर मी आत्यासारखी चालेन का?"

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मग कशी चालेन?"

"तुझ्यासारखी."

चिमीला ते फारसं आवडलेलं दिसलं नाही. आत्यासारखं चालणं ही घरात मोठी शाबासकी होती, आणि ती तिला मावशींनीच दिलेली होती.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय काठीसारखा निघाला. चिमीनं तो आपला नाहीच असं म्हणून मान वळवली. पुढचे महिने दांड्याला धरून पाऊल टाकणं, रडणं, पुन्हा टाकणं यात गेले. गोळा वाटीत बसला होता, पण सांधा आखडला होता आणि गुडघा पुरता वाकत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी सुनेला बजावून सांगितलं होतं. वाढत्या वयात पायांच्या लांबीत फरक पडू शकतो. पडला तर आधी बुटाला उंची देऊ, वाढला तर पुन्हा शस्त्रक्रिया. नजर ठेवा, आणि काही दिसलं तर दडवू नका. शेवटचं वाक्य त्यांनी मावशींकडे न बघता म्हटलं होतं.

*

शाळा सुरू होणार होती. जुना स्कर्ट आखूड झाला होता. सकाळी सून निळं कापड घेऊन आली आणि मशीनवर ठेवून म्हणाली, "शिवता का?" इतक्या महिन्यांत तिनं मावशींना सांगितलेलं हे पहिलंच शिवण.

मावशींनी चौफेर सारखा स्कर्ट कापला. चुण्या घातल्या, पट्टा लावला. दुमड तेवढी राहिली, ती अंगावर बघूनच घालायची असते. चिमीला त्यांनी चौरंगावर उभं केलं, दोन्ही टाचा टेकवायला सांगितल्या, आणि तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसल्या. पट्टी उभी धरून त्या पुढून उजवीकडे, उजवीकडून मागे अशा सरकत गेल्या. उजवीकडे ठीक होतं. मागे ठीक होतं. डावीकडे पट्टी टेकवली आणि त्यांचा हात थांबला.

त्यांनी चिमीला पुन्हा टाचा टेकवायला लावल्या. पुन्हा पट्टी लावली. स्कर्ट डावीकडे बोटभर खाली होता.

दारात सून उभी होती. "सरळ आहे ना?" तिनं विचारलं.

मावशींच्या तोंडात टाचण्या होत्या.

सून जवळ आली, वाकली आणि तिनं पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात, चिमीला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड मावशींच्या कानाशी नेऊन म्हणाली, "आई, आत घ्या ना थोडं. एवढं सोसलंय तिनं. पहिल्याच दिवशी पोरी हसतील हो. घ्या ना, तुम्हाला येतं ते."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. इतक्या दिवसांत ती त्यांच्याकडे काही मागायला आली होती, आणि नेमकं हेच. बोटांना तर सगळं पाठ होतं. दोन टाचण्या लावल्या की झालं असतं. दोघींचं पुन्हा नीट बोलणं सुरू झालं असतं.

त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि तळहातावर ठेवल्या.

"नाही, सरळ नाहीये," त्या मोठ्यानं म्हणाल्या, चिमीलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "डावीकडे खाली आहे. असाच शिवणार मी, आणि असाच घालून तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा. त्यांना दिसू दे."

सून जमिनीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडायला लागली. चिमी वरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "मी हलले का?" तिनं विचारलं.

"नाही, बाळा. तू अगदी नीट उभी आहेस."

मावशींनी दुमड चौफेर सारखी घातली. दुपारी चिमी आईबरोबर दवाखान्यात जायला निघाली. मावशी मशीनवर बसूनच ऐकत होत्या. जिन्यावर पाऊल वाजलं, मग ताठ गुडघ्यामुळे एक घासल्यासारखा आवाज, मग पुन्हा पाऊल. ही चाल त्यांनी कधी ऐकली नव्हती. ती थोरलीची नव्हती.

खिडकीतून त्यांना रस्ता दिसत होता. आईचा हात धरून चिमी चालली होती आणि निळा स्कर्ट डावीकडे लोंबत होता. पानाच्या दुकानाशी उभ्या असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मावशींनी खिडकी लावून घेतली नाही. दोघी वळणाआड जाईपर्यंत त्या बघत राहिल्या, मग मशीनवर काढून ठेवलेल्या टाचण्या उशीत खोचल्या.