रिकाम्या कणगीचं लिंपलेलं तोंड

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. पोट मोठं, तोंड लहान आणि पाय अजिबात नाहीत. शहरात राहणाऱ्यांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. बांबूच्या कामट्या विणून मला करतात, शेणमातीनं लिंपतात आणि धान्य भरून घराच्या कोपऱ्यात दगडांवर ठेवतात. माझा कोपरा जव्हारहून दाभोशाकडे जाताना लागणाऱ्या एका पाड्यावर, गौराबाईच्या घरात आहे.

मला विणलं पोश्यानं. पोश्या म्हणजे गौराबाईचा धाकटा दीर. गौराबाई नवी नवरी होऊन आली, त्या वर्षी त्यानं मोठ्या हौसेनं मला करायला घेतलं. कामटीचं टोक आलं की ते दोनदा आत मुडपायचं, ही त्याची खोड. बाकी सगळे एकदाच मुडपतात. कुणी विचारलं तर म्हणायचा, "उंदरानं दात लावला त दात पडंल त्याचा." दात कुणाचे पडले नाहीत, पण माझ्यात उंदीर कधी शिरला नाही, हे खरं. शेजारच्या पाड्यांवरून लोक मला बघायला यायचे, पोटावर थापट्या मारायचे. मी कौतुकानं फुगून जायचे. तशी मी फुगलेलीच होते म्हणा.

पुढे प्लास्टिकची पिंपं आली आणि माझ्या बहिणी एकेक करून चुलीत गेल्या. मला गौराबाईनं राखलं ते बियाण्यासाठी. तिच्या सासूनं दिलेली लाल नागली, म्हणजे तुमची नाचणी, दरवर्षी झोडणी झाली की निवडून, राखेत घोळवून ती माझ्यात भरायची. मग माझं तोंड लिंपायची आणि ओल्या मातीत बोटानं एक क्रूस काढायची. येशूची प्रार्थना करणारी पाड्यावर दोनच घरं, तिचं आणि पोश्याचं. रविवारी सगळे प्रार्थनेला माझ्यासमोर बसत. पोश्या पाठ टेकायला मलाच धरायचा. आपणच विणलेलं, तर टेकायचा हक्क होताच त्याला.

यंदाच्या बियाण्यावर गौराबाईचा जीव टांगला होता. तिचा नवरा वारला, मुलगा एकच, मधु. चार पावसाळे तो वसईला बिगारी करत होता. या वर्षी घरी आला आणि म्हणाला, "आयस, माळावर नागली लावू. ती आली त मी आता जात नाय कुठं." त्या दिवसापासून ती येता-जाता माझ्या पोटावरून हात फिरवायची. जणू मधु माझ्याच पोटात होता.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मायलेक प्रार्थनेला जव्हारला गेले. पोश्या गेला नाही. त्याची बायको चंदना तापानं पडली होती. भर दुपारी तो आत आला. मला वाटलं, टेकायला आला. त्यानं मला आडवी केली. तोंडावरच्या क्रुसाला हात लावला नाही, तेवढी हिंमत त्याला झाली नसावी. त्यानं माझं बूड उसवलं. नागली पोत्यात ओतली, माझ्यात भाताचं तूस कोंबलं आणि बूड पुन्हा विणून वरून शेण फिरवलं. ज्यानं मला जन्म दिला, त्यानंच माझं पोट फाडलं, आणि मला साधं 'नको' म्हणता आलं नाही. मित्रांनो, कणगीला तोंड असतं ते फक्त भरण्यापुरतं.

मृगाच्या तोंडावर राब, म्हणजे रोपं करायची जागा, भाजून तयार झाला. मधुनं माझं तोंड फोडलं, हात घातला आणि ओरडला, "आयस! यात त तूसच हाय! नागली कुठं गेली?"

मधुनं मला उलटीपालटी केली. बूड धड होतं. "वरून लिंपलेली, खालून धड. मग काय भुतानं नेली?" असं म्हणत तो पाय आपटत बाहेर गेला. तेव्हा गौराबाईनं मला जवळ ओढलं. नखानं बुडाचं शेण खरवडलं. कामटी नवी होती आणि टोक दोनदा मुडपलेलं होतं.

ती कितीतरी वेळ त्या टोकावर बोट ठेवून बसली. मग रडली. मग उठून शेण कालवलं आणि माझं बूड जाड लिंपून टाकलं.

पण गोष्ट तेवढ्यावर थांबेना. मजुरी करणारा रघ्या चैत्रात छपराच्या कामाला आला होता. मधुनं त्याचं नाव घेतलं. "पंचांना बोलावतो. रघ्याबिगर कोन आला होता घरात?"

"रघ्याचा नाव घेव नको," गौराबाई कडक आवाजात म्हणाली. "त्यानं नाय नेली. कोनी नेली ती मना ठावा हाय."

"मग सांग ना!"

"नाय सांगायची."

मधुनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सांगता आलं असतं, तर सांगितलं असतं का? खरंच कळत नाही.

दोन दिवसांनी मधु बाजाराला गेला, तेव्हा तिनं पोश्याला बोलावलं. म्हणाली, "कनगीचा बूड बघ जरा." तो माझ्याजवळ उकिडवा बसला. ताज्या लिंपणावर त्यानं हात ठेवला आणि त्याला सगळं उमगलं.

"रोपं उगवली असतील त थोडी दे," गौराबाई म्हणाली. "बी तरी राहील सासूचा."

पोश्याची मान वर होईना. "पेरली नाय, वयनी. चंदना दोन महिने पडून. कामाला जाता येना. दळून खाल्ली आमी."

"मागायची होतीस रे! मी नाय बोलली असती काय?"

"लाज वाटली."

गौराबाईचा हात उगारला गेला. मला वाटलं, आता मारते. तो हात तसाच खाली आला. "माझा पोर जाईल आता," एवढंच ती म्हणाली. पोश्या ढसाढसा रडू लागला. ती त्याला गप्प करायला गेली नाही, आणि 'ऊठ'ही म्हणाली नाही.

विकतच्या बियाण्याला पैसे नव्हते. त्या आठवड्यात मधु वसईला गेला. भाजलेला राब तसाच पडला, माळ ओसाड राहिला. मी कोपऱ्यातूनच, उघड्या दारातून त्याची पाठ बघत राहिले.

रविवारी पोश्या आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा करण्याची ओळ आली की गौराबाईचा आवाज बसायचा, ओठ नुसतेच हलायचे. तिसऱ्या रविवारी ती स्वतः उठून त्याच्या घरी गेली, त्याला आणि चंदनाला घेऊन आली. तो दूर, उंबऱ्याशी बसू लागला, तर म्हणाली, "तुझ्या जागी बस." तो मला टेकून बसला. त्या दिवशी ती ओळ तिनं अडखळत का होईना, पूर्ण म्हटली. पोश्याला मात्र म्हणता आली नाही. त्याच्या पाठीचे हुंदके माझ्या कामट्यांत उतरत होते.

गणपतीत मधु दोन दिवसांसाठी आला. गौराबाई माझं तोंड लिंपत होती. त्यानं विचारलं, "आयस, आत त काहीच नाय. मग लिंपते कशाला?"

"हाय आत," ती म्हणाली. "चोराचा नाव हाय. बाहेर नको पडाया." आणि तिनं ओल्या मातीत बोटानं क्रूस काढला.

मित्रांनो, तिनं ज्यावर माती लिंपली, तेच मी तुमच्यापुढे बोलून बसले. म्हातारपणी तोंड राहत नाही. माळ यंदा ओसाड आहे, मधु लांब आहे आणि माझ्या पोटात त्या एका नावाशिवाय काही नाही. कधी या पाड्यावर आलात, तर एखादा माणूस मला टेकून बसलेला दिसेल. त्याला काही विचारू नका. थोडे सरका आणि त्याला नीट बसू द्या.